न विचारता काढलेला फोटो: माझे वडील म्हणजे ‘थकलेलं शहर’ नाही

वेणीगोंडा
परवा या ग्रुपवर ‘पन्नास एमएम’ यांनी लिहिलं की कोल्हापूरसारख्या गावात रस्त्यावर फोटो काढताना कुणाला विचारायची गरज नाही. विचारलं की क्षण मरतो, आपली माणसं मनाला लावून घेत नाहीत आणि कृष्णधवल केलं की साध्या माणसालाही रुबाब येतो. सोबत दहा फोटो. चौथा माझ्या वडिलांचा.

चप्पल लाईन, दुपार, दुकानाच्या पायरीवर त्यांचा डोळा लागलाय, तोंड उघडं, हातात चप्पल. खाली ओळ: ‘थकलेलं शहर’. त्यावर लोक लिहितात, ‘बिचारे, या वयात फाटक्या चपला शिवतात.’ ती फाटकी नव्हती. सकाळीच पुरा झालेला नवा जोड होता. तेल पाजलेलं कातडं, मधाच्या रंगाचं, त्यावर लाल गोंडा. फोटोत कातडं मळकट करडं झालंय आणि गोंडा त्यातच जिरलाय. वडिलांना मोबाईल दाखवला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि एवढंच विचारलं, “गोंडा कुठं गेला?”

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आपल्या चपलेसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, तेव्हा अख्खं गाव पेटलं होतं. कारागिराचं नाव घ्या म्हणून आपणच ओरडलो. मग कारागिराचा चेहरा घेताना विचारायला काय होतं?

पन्नास एमएम
ताई, ओळ चुकली, मान्य. फोटो चुकला हे मान्य नाही. महाद्वार रोडवर कॅमेरा दाखवून विचारा, माणूस शर्ट खाली ओढतो, मिशीवरून हात फिरवतो आणि ताठ उभा राहतो. झाला पासपोर्टचा फोटो! गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन ग्लास खाली येतो तेव्हा मिशीला फेस असतो, तो अर्धा सेकंद. ‘काढू का’ म्हणेपर्यंत पुसला जातो. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागावर काळी पट्टी लावून हिंडायचा, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. 1947-48 ला तो भारतात आला तेव्हा परवानग्या मागत बसला असता तर त्या काळातले आपले चेहरे आपल्याला दिसले नसते.

रेड बल्ब
मूळ वाद तुम्ही बघा. माझं म्हणणं वेगळं आहे. हे फोटो कृष्णधवल नाहीतच, रंगीत काढून रंग पुसलाय. आम्ही एचपी-फाईव्ह या कृष्णधवल फिल्मचा 36 फोटोंचा रोल 20 अंशाला डेव्हलप करायचो, मे महिन्यात पाण्यात बर्फ टाकून. लेन्सवर कुठल्या रंगाची काच, म्हणजे फिल्टर, लावायचा ते आधी ठरवायचं. लाल गोंडा आणि पिवळसर कातडं एकाच करड्यात जाणार हे बघतानाच कळायला हवं. हिरवा फिल्टर लावला असता तर गोंडा काळाभोर उठला असता. ताईंच्या वडिलांनी एका प्रश्नात तुमचं काम तपासलं.

पन्नास एमएम
काका, ते आता संगणकावर एक पट्टी सरकवली की होतं.

रेड बल्ब
मग सरकवली का नाही?

सासनकाठी
सरकवायची कशाला, रंगच ठेवा की. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर माणूस, पायरी, सासनकाठी सगळं गुलालानं गुलाबी असतंय. त्याचा कृष्णधवल फोटो बघा, धुळीचं वादळ वाटतंय. फोटोग्राफर रघुबीर सिंग उगाच रंगाला चिकटून राहिले नाहीत. आपली नजर रंगाची आहे, काळं-पांढरं बघणं पाश्चात्त्यांचं, असंच ते मांडायचे.

रेड बल्ब
पाश्चात्त्यांचं? या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, जाता-येता वर बघत जा. 1929 ला प्रभात फिल्म कंपनी इथं निघाली. ती माणसं काय परकी नजर लावून बसली होती?

सासनकाठी
तेव्हा रंगीत फिल्म हाताशी नव्हती काका. सोय नव्हती त्याला नजर म्हणू नका.

रेड बल्ब
40 वर्षं लाल दिव्याखाली उभा राहून प्रिंट काढल्यात मी. नजर काय असते ते मला शिकवू नका.

रंकाळ्याची
गुलालाचं पुरे करा. मी बारावीत असताना रंकाळ्यावर मैत्रीण आणि तिच्या भावाबरोबर भेळ खात होते. मैत्रीण कागद टाकायला उठली तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. पाण्यावर ऊन, मी हसतेय, शेजारी मुलगा. फोटो चांगलाच होता. चुलत्यांनी तो बघितला आणि तीन आठवडे माझा क्लास बंद. कृष्णधवल होता म्हणून मी ओळखू आले नाही असं झालं नाही. मुंबईत त्या चेहऱ्याला कुणी नाव लावत नाही, इथं चौथा माणूस ‘ही अमक्याची’ म्हणतो.

सासनकाठी
कायद्यानं रस्त्यावर फोटो काढता येतो, एवढं नोंदवतो.

रंकाळ्याची
सुप्रीम कोर्टाचा खासगीपणाच्या हक्कावरचा 2017 चा पुट्टास्वामी निकाल वाचा. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचं खासगीपण संपत नाही, हेही त्यात आहे. आणि मी कायद्याचं बोलतच नव्हते.

पन्नास एमएम
एक सांगतो. 2019 च्या पुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत एका आजींचा फोटो काढला, नावेत बसताना, देव्हाऱ्यातली टाकांची पेटी छातीशी धरलेली. विचारलं नव्हतं. पुढं घर साफ करताना त्यांच्याकडचे सगळे फोटो चिखलात गेलेले निघाले. त्यांनी निरोप पाठवून माझा फोटो मागून घेतला. भिंतीवर तो एकच लागलाय. विचारत बसलो असतो तर तोही नसता.

वेणीगोंडा
त्या आजींना प्रिंट मिळाली. त्यांना तुम्ही ‘बुडालेलं शहर’ म्हणाला नाहीत, तुम्हाला त्यांचं घर माहीत आहे. माझ्या वडिलांच्या दुकानापासून तुम्ही चार पावलांवर उभे होता. आधी विचारू नका हवं तर, क्षण मरत असेल. पण काढल्यावर दाखवायला काय झालं होतं? तो गोंडा त्यांनी तेव्हाच दाखवला असता.

पन्नास एमएम
झोपेतून उठवायचं का?

वेणीगोंडा
थांबायचं. गिऱ्हाईक थांबतं.

पन्नास एमएम
बरं. फोटो काढून टाकलाय. बाकी नऊ राहणार, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. प्रिंट घेऊन येतो.

रेड बल्ब
मूळ फाईल मला पाठवा. गोंडा वेगळा करून देतो.

वेणीगोंडा
काका, एक रंगीतपण काढा. आणि पाचनंतर या, दुपारी ते झोपलेले असतात.