पट्टे मोजायचे की गुणसूत्रं?

माळरान
दक्षिण आफ्रिकेत पाठीवर चार काळे पट्टे असलेला एक उंदीर आहे, ऱ्हॅब्डोमिस. दिवसाढवळ्या फिरतो, त्यामुळे दिसतोही भरपूर. स्पारमन या निसर्गअभ्यासकाने १७८४ मध्ये त्याला 'पुमिलिओ' नाव दिलं. पुढे रंग, शेपूट, कवटी बघून लोकांनी त्याच्या ढीगभर उपजाती केल्या आणि नंतर सगळ्यांची मोट एकाच जातीत बांधली. मग २००३ मध्ये रामबाऊ, रॉबिन्सन आणि स्टॅनयन या संशोधकांनी गुणसूत्रं आणि मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासून सांगितलं, जाती एक नाही, दोन: कोरड्या पश्चिमेकडचा पुमिलिओ आणि पूर्वेच्या गवताळ भागातला डिलेक्टस.

माझा आक्षेप साधा आहे. जी जात हातात धरून ओळखता येत नाही, ती रानात फिरणाऱ्याच्या काय कामाची? आपल्याकडच्या खारी बघा. तीन पट्ट्यांची वेगळी, पाच पट्ट्यांची वेगळी. पोरगंही मोजून सांगतं.

गिएम्सा
माळरान, तुमची खार नशीबवान. आफ्रिकेतल्याच मॅस्टोमिस उंदरांकडे या. त्यांतल्या नाटालेन्सिस जातीची गुणसूत्रं ३२, एरिथ्रोल्युकस जातीची ३८. पश्चिम आफ्रिकेत दोन्ही सापडतात आणि नुसतं बघून भलेभले फसतात. लासा ताप या जीवघेण्या आजाराचा विषाणू प्रामुख्याने पसरवतो तो नाटालेन्सिस. त्या गावातल्या माणसाला 'दोन्ही करडेच आहेत हो' सांगणार का?

आणि गुणसूत्रं मोजणं म्हणजे काही जादूटोणा नव्हे. उंदराला कोल्चिसिन टोचायचं, म्हणजे पेशींचं विभाजन मध्येच अडकतं. मांडीच्या हाडातला मगज काढायचा, पातळ क्षारद्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल-अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये पक्क्या करायच्या आणि थेंब उंचावरून काचपट्टीवर टाकायचा. थेंब नीट फुटला तर गुणसूत्रं सुटी पसरतात, नाहीतर गुंता. माझ्या पहिल्या वीस पट्ट्या गुंताच होत्या. एकविसावीवर मोजणी जमली तेव्हा जेवायला गेले.

खडूस_सदाशिव
ताई, प्रयोग झकास, पण आकड्यावर इतका जीव टाकू नका. साध्या घरउंदराची गुणसूत्रं ४०. आल्प्सच्या खोऱ्यांत मात्र दोन-दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून हा आकडा २२ पर्यंत उतरलेले कळप आहेत. पोस्कियाव्हो खोऱ्यातल्या 'तंबाखू उंदरा'ची तर २६. त्याला एकेकाळी स्वतंत्र जात म्हणत, आता तो घरउंदरातच जमा आहे.

आणि माळरानांनी दिलेलं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. पुमिलिओची गुणसूत्रं ४८. डिलेक्टसच्या दोन उपजाती: डिलेक्टस डिलेक्टसची ४६, डिलेक्टस चाके हिची पुन्हा ४८! नुसते आकडे लावून रांगा केल्या तर चाके जाऊन बसेल पुमिलिओच्या मांडीवर. डीएनए म्हणतो ती डिलेक्टसची. आता बोला.

गिएम्सा
बोलते. नुसत्या आकड्याची बाजू मी घेणार नाही, ते मान्य. म्हणूनच रामबाऊंच्या गटाने गुणसूत्रं फक्त मोजली नाहीत, रंगीत खुणा लावून कुठला तुकडा कुठे बसलाय तेही पाहिलं आणि सोबत डीएनए ठेवला. (आकड्यांत चुका होतातच. माणसाची गुणसूत्रं ४८ असं कैक वर्षं शिकवत होते. १९५६ मध्ये त्जिओ आणि लेव्हान यांनी ४६ मोजली.)

पण मग पट्ट्यांवर तरी इतकी भिस्त का? याच ऱ्हॅब्डोमिसवर २०१६ मध्ये काम झालं. फिकट पट्टा उमटतो तो एएलएक्स३ या जनुकामुळे, ते तिथे रंगपेशींना नीट वाढू देत नाही. अमेरिकेतल्या चिपमंक खारीच्या पट्ट्यांतही तेच जनुक सापडलं. उंदीर आणि खार यांचं नातं किती लांबचं! तरी अंगरखा एकाच शिंप्याकडचा.

बोरीबंदर
मध्येच तोंड घालतो. 'चाके' हे नाव १९०५ मध्ये कुणी दिलं माहितीय? रॉटन. हा माणूस मुंबई इलाख्यात वनअधिकारी होता, आपल्या बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) सभासद, मुंग्यांचा नादिष्ट. निवृत्त होऊन लंडनला गेला आणि तिथल्या संग्रहालयात आफ्रिकेच्या उंदरांची कातडी घेऊन बसला. रंग, पट्टे आणि मापं एवढ्यावर त्याने जो गट वेगळा काढला, तो शंभर वर्षांनीही उपजात म्हणून उभा आहे.

दुसरं म्हणजे नाव चिकटलेलं असतं ते ज्या मूळ नमुन्यावरून दिलं त्या वाळलेल्या कातड्याला. त्यात विभाजन होणारी पेशी कुठून आणणार? तुमचा ताजा ४८ वाला उंदीर म्हणजे रॉटनचाच, हे ठरवायला शेवटी कातडं, कवटी आणि गावाचं नाव लागतंच.

माळरान
बोरीबंदर, तोंडात साखर पडो. आफ्रिकेतलेच लेम्निस्कोमिस हे पट्टेवाले उंदीर घ्या. स्ट्रायटसचे पट्टे तुटक, ठिपक्यांची रांग असावी तसे, बार्बारसचे सलग, रोझेलियाच्या पाठीवर एकच रेघ. कशाला हवं कोल्चिसिन? उत्तर आफ्रिकेतला बार्बारस आणि सहाराच्या दक्षिणेचा 'झेब्रा' नावाचा उंदीर वेगळे काढले ते कार्लटन आणि व्हॅन डर स्ट्रेटन यांनी, १९९७ मध्ये, शरीराची नि कवटीची मापं घेऊन.

गिएम्सा
मध्ये अख्खं सहारा आडवं असताना! तिथे तुमची पट्टी चालेल. ऱ्हॅब्डोमिसमध्ये २०१२ साली डीएनएवरून चार जाती मांडल्या गेल्या आणि त्यांतल्या बेचुआने आणि डिलेक्टस फ्री स्टेट प्रांतात शेजारी राहतात. वागणुकीचाही फरक आहे. नामाक्वालँडच्या रखरखाटात पुमिलिओ कुटुंबकबिला करून राहतो, बापही पिल्लं सांभाळतो. गवताळ भागातला डिलेक्टस एकलकोंडा. हे पट्ट्यांत दिसतं का?

माळरान
नाही दिसत. बरं, मग मला सांगा, फ्री स्टेटमध्ये सापळ्यात एक उंदीर आला. सकाळचे सहा वाजलेत, प्रयोगशाळा शेकडो मैलांवर. वहीत काय लिहू?

खडूस_सदाशिव
'ऱ्हॅब्डोमिस' लिहा आणि पुढची जागा मोकळी सोडा. ठिकाण, तारीख, वजन, शेपटीची लांबी. डीएनएसाठी कानाचा बारीक तुकडा अल्कोहोलमध्ये. मग द्या सोडून.

माळरान
आणि पट्टे?

गिएम्सा
मोजा की. चारच भरतील.