ट्रेडमिलवर कोसळला, फाडा लशीच्या नावावर पावती!

कडूलिंब: सोसायटीच्या ग्रुपवर सकाळीच फॉरवर्ड: "पस्तिशीचा पोरगा जिममध्ये ट्रेडमिलवर कोसळून वारला. कोविड लशीचे दोन्ही डोस झाले होते. समजून घ्या." काय समजून घ्या? आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा, अभ्यास २०२३ मध्येच आलाय. ४७ रुग्णालयं, १८ ते ४५ वयाचे अचानक गेलेले ७२९ जण, तुलनेला २,९१६ जिवंत माणसं. दोन डोसवाल्यांत धोका उलट कमी. जास्त कुणाला? कोविडनं ॲडमिट झालेल्यांना, घरात असा अचानक मृत्यू झालेल्यांना, आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू ढोसलेल्यांना किंवा फार जोराचा व्यायाम केलेल्यांना. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

रानवारा: सरकारी पेपर, सरकारी मास्तर, पास! लस कंपनी ॲस्ट्राझेनेकानं २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टात लशीनं रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे मान्य केलं, ते? कोविशिल्ड म्हणजे तीच लस, बाटली पुण्याच्या सीरमची, हडपसरची.

कडूलिंब: गुठळ्या होतात, अत्यंत क्वचित. युरोपच्या औषध नियामकांनी २०२१ मध्येच सांगितलं होतं. पण त्या डोसनंतर काही आठवड्यांत. चार वर्षांनी ट्रेडमिलवर नाही.

सांगलीकर: लशीचं राहू द्या, कोविडवरच्या त्या रेमडेसिविर इंजेक्शनवर बोला. एप्रिल २०२१. काकांसाठी सहा कुप्या, चार जिल्हे पालथे घातले, एकेक अठरा हजाराला. सातव्या दिवशी काका गेले. डब्ल्यूएचओनं तर नोव्हेंबर २०२० मध्येच नको म्हटलं होतं. मग चिठ्ठी का लिहिली?

थकलेला_डॉक्टर: त्याच डब्ल्यूएचओनं २०२२ मध्ये मत बदललं. आजार सौम्य पण धोका मोठा, अशांना लवकर द्या म्हणाले. व्हेंटिलेटरवरच्यांना उपयोग नाही, हे खरं. पण रात्री दोनला कॉलर धरून "लिहा" कोण म्हणत होतं?

सांगलीकर: कॉलर नाही धरली. पाया पडलो होतो.

थकलेला_डॉक्टर: ...तुम्हाला उद्देशून नव्हतं. जीव वाचवले ते डेक्सामेथासोननं, काही रुपयांची स्टेरॉइडची गोळी. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत व्हेंटिलेटरवरचे मृत्यू एक तृतीयांशानं घटले.

भटकभवानी: तेच स्टेरॉइड शुगर न बघता आत्याला दिलं. म्युकर, म्हणजे काळी बुरशी, झाला, डोळा काढावा लागला. कसली स्वस्त गोळी!

थकलेला_डॉक्टर: शुगर बघायलाच हवी होती. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रानवारा: म्हणजे सगळे चुकले, आयसीएमआर तेवढी धुतल्या तांदळाची. बरं बाबा, ट्रेडमिलचं तूर्त मान्य. गुठळ्यांचं सोडणार नाही.

कडूलिंब: ते मीच आधी मान्य केलंय. वर वाचायचे कष्ट घ्या.

सांगलीकर: सहाही कुप्यांच्या पावत्या अजून कपाटात आहेत. एकीवरही दुकानाचं नाव नाही.