पिप, कोंडा (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पॅकेजं बसवायची साधनं) आणि फसलेली इन्स्टॉलं: तुमचे अनुभव सांगा

परभणीकर_काका: काल पुतण्याचा फोन, "काका, नमपाय बसलंय, पण पांडाज इम्पोर्ट केलं की एरर." (दोन्ही पायथनची पॅकेजं, पांडाज नमपायवरच चालतं.) मला २०१९ ची नांदेडची खोली आठवली. उद्या प्रोजेक्ट, आणि मी कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमधी (पॅकेजंचा वेगळा कप्पा) पिपनं टेन्सरफ्लो हे पॅकेज चढवायलो. पिपनं कोंडाचं नमपाय काढून आपलं बसवलं. कोंडाच्या वहीत जुनंच व्हर्जन! पुढं कोंडानं अपडेट केलं आन् दोघांची खिचडी. रोजचा दीड जीबी कधीच संपलेला, शेजारच्याचा हॉटस्पॉट मागितला. अख्खं एन्व्हायर्नमेंट उडवलं. आधी कोंडाचं सगळं, पिपचं शेवटी, तेव्हा कुठं चाललं.

गोदाकाठ: लई सोपं सुटलात. मी उबंटू लिनक्सवर "हे पायथन जुनंय" म्हणून एप्टनं (उबंटूचं इन्स्टॉलचं साधन) पायथन३ काढलं. ओळी पळत होत्या, वाय दाबून मोकळा. रीबूट केलं तर काळी स्क्रीन. पायथनसंगं डेस्कटॉपच गेलता.

बिनधास्त_बीड: कोंडा म्हणलं की मला डोक्यातलाच आठवतो 😂

गोदाकाठ: आजी कोंड्याचा मांडा करायची, आम्ही मांड्याचा कोंडा केला.

लातूरची_लेक: कुकर लावून लिहितेय. माझं पिप एका पायथनचं, चालायचं दुसरंच. 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड' म्हणे, आणि इम्पोर्ट केलं की 'मॉड्यूल नाही'! दोन दिवस गेले. आता 'पायथन -एम पिप' असंच लिहिते. शिट्टी झाली, आले.

जालना_एक्सप्रेस: काका, नांदेडला भाग्यनगरला होता का? तिथल्या मेसची शेवभाजी...

परभणीकर_काका: व्हय! नुसता तर्रीचा तवंग. रविवारी फीस्ट, म्हणून शनिवारी रात्री उपाशी.

उदगीरवाला: २३.०४ व्हर्जनपासून उबंटूच पिपला अडवतंय, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून, म्हंजे हे पायथन सिस्टिमचं, पिपनं हात लावू नका. पण त्याच एररमधी खाली 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस'चा पर्याय दिसतो, आन् आमची पोरं नेमकं तेच कॉपी करतेत. नावातच मोडा म्हणलंय की! वेनव्ह (पायथनचाच वेगळा कप्पा) करायला दोन ओळी लागतेत फक्त.

जालना_एक्सप्रेस: लाईट गेली, नंतर वाचतो.

परभणीकर_काका: पुतण्याचं सापडलं. नमपाय २ आलंय आन् त्याचं पांडाज जुनं, नमपाय १ वर बांधलेलं. नमपाय दोनच्या खालचं टाक म्हणलं, तर आता 'फाइल सापडत नाही' म्हणतंय.

लातूरची_लेक: अवतरणचिन्हात टाकायला सांगा त्याला. नुसतं <२ लिहिलं की शेल (कमांड वाचणारा प्रोग्रॅम) 'दोन' नावाची फाइल शोधत बसतं. वरण उतू गेलं माझं.