मदत हवी आहे : पॉवर व्हीलचेअरवरील मोबाइल स्टँडला वीज कोठून द्यावी?

लेथवाला :
आम्ही यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी असून पॉवर व्हीलचेअर वापरणाऱ्या एका बाईंसाठी मोबाइल स्टँड तयार करत आहोत. बटण दाबले की मोटर दांडा फिरवते व मोबाइल चेहऱ्यासमोर येतो. पुन्हा दाबले की तो बाजूला जातो. अडचणी दोनच आहेत. मोटरला लागणारे 12 व्होल्ट खुर्चीच्या बॅटरीतून कसे घ्यावेत हे ठरत नाही, आणि खुर्ची चालू लागली की दांडा इतका थरथरतो की पडद्यावरचे काही वाचता येत नाही. आढावा जवळ आला आहे, म्हणून कृपया एवढ्याच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. मोटर हवी की नको, याची चर्चा आमच्या मार्गदर्शकांशी झालेली आहे.

सावकाश :
दांडा किती लांब आहे, कशाचा आहे आणि खुर्चीच्या कोणत्या भागावर बसवला आहे? त्यावर मोबाइलच राहणार आहे की पुढेमागे टॅबही? हे कळल्याशिवाय थरथरण्यावर उपाय सांगणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

तांब्याची_तार :
विजेचा प्रश्न सोपा आहे. आसनाखाली 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांपैकी एकीच्याच दोन टोकांवरून तारा काढाव्यात. वेगळा कन्व्हर्टर लागत नाही.

ओहमशांती :
वरील सल्ला कृपया अमलात आणू नये. एकाच बॅटरीतून वीज घेतली की ती दुसरीपेक्षा अधिक उतरते, आणि चार्जर मात्र दोघींना एकच जोडी समजून चार्ज करतो. त्यामुळे एक कायम अर्धपोटी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि शेवटी महागाची जोडी मुदतीआधीच बदलावी लागते. घ्यायचीच असेल तर वीज पूर्ण 24 व्होल्टच्या जोडीवरून, बॅटरीजवळ फ्यूज घालून, बक कन्व्हर्टरमधून, म्हणजे 24 चे 12 व्होल्ट करणाऱ्या उपकरणातून, घ्यावी. लेड-ॲसिडची जोडी चार्ज होताना 29 व्होल्टच्या आसपास जाते, म्हणून कन्व्हर्टर त्याहून बराच जास्त व्होल्टेज सोसणारा असावा. आणखी एक गोष्ट म्हणजे, मोटारसायकलप्रमाणे सांगाडाच ऋण टोक आहे असे धरून चालू नये. बहुतेक पॉवर व्हीलचेअरमध्ये सांगाडा बॅटरीपासून मुद्दाम अलग ठेवलेला असतो.

तांब्याची_तार :
दिव्यासारख्या लहानशा भारासाठी मी ही जोडणी केलेली आहे आणि काहीही बिघडलेले नाही.

ओहमशांती :
किती काळ बिघडले नाही, आणि दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज वेगवेगळे मोजून पाहिले होते का?

नमस्कार_मंडळी :
बाईंना खुर्ची मिळाली नसल्यास अपंग व्यक्तींना साहाय्यक उपकरणे देणारी केंद्र सरकारची एडिप योजना पाहावी. कानपूरच्या अलिम्को या सरकारी उपक्रमाच्या तपासणी शिबिरांतून उपकरणे मिळतात. अपंगत्वाचे प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा.

लेथवाला :
खुर्ची त्यांच्याकडे आहेच. दांडा ॲल्युमिनियमच्या पट्टीचा, 45 सेंमी लांब असून डाव्या आर्मरेस्टवर बसवला आहे. जॉयस्टिक उजवीकडे आहे. मोबाइल धरणारा भाग आम्ही थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये छापून घेतला आहे. बटण दाबायला त्यांना वेळ लागतो, कारण बोटे मिटत नाहीत. पण तो भाग नंतर सुधारता येईल.

हातभार :
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. बोटे मिटत नाहीत ही बाब पहिल्या ओळीत यायला हवी होती, कारण सारी रचना तिच्यावर अवलंबून आहे. मणक्याला मानेत सी-6 म्हणजे सहाव्या मणक्याच्या पातळीवर दुखापत झालेल्या व्यक्तीला बहुधा कोपर वाकवता येते आणि मनगट मागे वळवता येते, पण बोटांनी पकडता वा चिमटता येत नाही. अशा हाताला लहान बटण किंवा फिरवायची कळ देऊन उपयोग नसतो. मनगटात अडकेल अशी कडी किंवा बाहूने ढकलता येईल असा रुंद दांडा द्यावा लागतो. बाईंची दुखापत कोणत्या पातळीची आहे? दुखापतीखालील भागाला स्पर्श व उष्णता जाणवत नसेल, तर कोणतीही धार उघडी ठेवू नये आणि तापणारी वस्तू मांडीवर किंवा मांडीखाली येऊ देऊ नये. भाजल्याचे त्यांना कळणारही नाही.

चाकांवरून :
मी स्वतः पॉवर व्हीलचेअर वापरतो, म्हणून नको असलेली चर्चा पुन्हा उघडतो. मोटरवर फिरणारा दांडा समोर असताना बंद पडला, तर बाई जेवणाच्या टेबलाजवळ जाऊ शकणार नाहीत, आणि तो बाहेरच्या बाजूला अडकला तर दारातून निघू शकणार नाहीत. जुन्या इमारतींतील दारे अरुंद असतात. खुर्ची जेमतेम जाते, तेथे बाजूला आलेला दांडा प्रथम चौकटीवर आदळतो. शिवाय मला पलंगावर घेताना आर्मरेस्ट वर उचलावा लागतो. त्याच्यावरच स्टँड असेल तर मदतनीस रोज तो सोडवील का?

लेथवाला :
मोटर काढली तर प्रकल्पात अभियांत्रिकी काय उरली, असे परीक्षक विचारतील.

सावकाश :
भरपूर उरते. टोकाशी अडकवलेल्या वजनाने दांडा किती वाकतो, हे लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. 45 सेंमीचा दांडा 30 सेंमी केला, तर त्याच मोबाइलखाली तो पूर्वीच्या एक तृतीयांशाहून कमी वाकतो. पट्टीऐवजी नळी घेतली तर पीळही बराच कमी बसतो. ही गणिते, प्रत्यक्ष मोजमाप आणि दोहोंतील फरकाची कारणे एवढा मजकूर अहवालाला पुरून उरेल. स्टँडची बैठक आर्मरेस्टवरून काढून आसनाच्या चौकटीच्या नळीवर न्यावी. क्लॅम्पच्या आत रबर आणि बाहेर नायलॉक नट, म्हणजे हादऱ्यांनी सैल न होणारा नट, लावावा. आसन मागे कलणारे असेल तर स्टँडही त्याच्यासोबतच कलला पाहिजे. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो भाग वाकेल. निदान पीईटीजी हे अधिक उष्णता सोसणारे प्लास्टिक वापरावे.

साताऱ्याहून_लंडन :
ब्रिटनमध्ये रिमॅप ही संस्था 1964 पासून एकेका व्यक्तीसाठी अशी साधने विनामूल्य करून देते, आणि करणारे बरेचसे निवृत्त अभियंते असतात. कॅनडातील मेकर्स मेकिंग चेंजचे आराखडे तर सर्वांसाठी खुले आहेत. विद्यार्थ्यांनी शून्यापासून सुरुवात का करावी?

चाकांवरून :
आराखडा घ्यावा, पण क्लॅम्प आपल्या खुर्चीच्या नळीला बसतो की नाही हे आधी पाहावे. इंटरनेटवरून उतरवलेले असे दोन क्लॅम्प माझ्याकडे नुसते पडून आहेत.

ओहमशांती :
दांडा हाताने फिरणारा केला तर विजेचा प्रश्नच संपतो. मोबाइल चार्ज करण्यासाठी आर्मरेस्टच्या बाहेरच्या बाजूला पॉवर बँक लावावी. रात्री खुर्ची चार्जिंगला लावणारी व्यक्ती तिचीही केबल जोडू शकेल.

लेथवाला :
मार्गदर्शकांशी बोललो. मोटर ऐच्छिक भाग म्हणून वेगळी दाखवण्यास त्यांची हरकत नाही. बाईंची दुखापत सी-6 पातळीचीच आहे आणि मदतनीस त्यांना डावीकडूनच पलंगावर घेते. आसनाखालची नळी 25 मिमी व्यासाची आहे. आता सांध्यात स्प्रिंग व गोळीचा खटका घालण्याचा विचार आहे, म्हणजे दांडा समोर आणि बाजूला अशा दोन जागी अडकेल व मध्ये सैल फिरेल. चौकटीवर आदळला तर न मोडता वळेल, हा आणखी एक लाभ. प्रश्न असा की स्प्रिंग किती कडक घ्यावी? सैल घेतली तर खड्ड्यांत दांडा आपोआप सुटेल आणि कडक घेतली तर बाईंना तो ढकलता येणार नाही.

सावकाश :
पुस्तकातला आकडा येथे कामाचा नाही. सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा दांड्याच्या टोकाला अडकवून बाईंना बाहूने ढकलायला सांगावे, म्हणजे त्यांचा जोर कळेल. मोबाइल लावून खुर्ची फरशीच्या सांध्यांवरून चालवली की दांडा कोठे सुटतो तेही कळेल. स्प्रिंग या दोहोंच्या मधली घ्यावी, आणि ती कमीजास्त दाबता यावी म्हणून मागे स्क्रू ठेवावा.

हातभार :
हे मोजमाप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घ्यावे. दिवसअखेर खांदे थकलेले असतात. त्या वेळचा आकडा धरावा. त्याच वेळी स्टँड उजवीकडे नेता येईल का तेही पाहावे, कारण मदतनीस डावीकडून येते. आकडे मिळाले की येथे लिहावेत, मग कडीचे माप सांगते.