मदत हवी आहे: पावसात घाटात गाडी घसरते, टायर दोन बदलू की चार?

मंडळी, राहतो कोल्हापुरात, पण गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीला महिन्यातून दोनदा जाणं असतं. परवा पावसात वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी हातभर सरकली. बायकोनं तेव्हापासून अबोला धरलाय.

टायरची नक्षी पुढं ३ मिमी, मागं जेमतेम २. कायद्याची हद्द १.६, म्हणून मेकॅनिक म्हणतो, "चालतंय की!" पण खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर निघत नाही, टायर पाण्यावर तरंगतो; मला काय ते चालतंय वाटत नाही. दोनच घेतले तर नवे मागं टाकावेत म्हणतात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. कुणी तसं केलंय का? आणि हवा कमी ठेवल्यानं पकड वाढते म्हणणाऱ्यांनी ओल्या डांबरावर खरंच करून बघितलंय का?