पॅक्स-६ अँटिबॉडी : कोंबडीच्या भ्रूणात मेंदू कोराच राहतो, रंग भलतीकडेच येतो. मदत हवी आहे

कृष्णाकाठची :

नमस्कार. मी सांगलीत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, शेवटचं सत्र. कोंबडीच्या भ्रूणात पॅक्स-६ हे प्रथिन कुठे कुठे असतं, हा प्रबंधाचा विषय. हे प्रथिन डीएनएला चिकटून दुसरी जनुकं चालू-बंद करतं. डोळा आणि अग्रमेंदू त्याच्याशिवाय नीट घडत नाहीत. माणसात या जनुकाची एक प्रत जरी बिघडली तरी डोळ्यात परितारिका नीट तयार होत नाही, त्याला अ‍ॅनिरिडिया म्हणतात. माझ्या मामेभावाला तोच आजार आहे. त्याला घेऊन मिरजेला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा पॅक्स-६ हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. विषय निवडायची वेळ आली तेव्हा दुसरं काही मनात आलंच नाही.

विट्याकडच्या एका हॅचरीतून फलित अंडी आणते. ३८ अंशांवर उबवून साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी भ्रूण काढते. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये रात्रभर फ्रिजमध्ये, मग पॅराफिनचे ब्लॉक आणि ५ मायक्रॉनचे सेक्शन (पातळ काप). आमच्याकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नाही, त्यामुळे एचआरपी (अँटिबॉडीला जोडलेलं पेरॉक्सिडेज विकर) आणि डॅब (त्या विकराने तपकिरी होणारं रसायन), शेवटी केंद्रकांना निळा रंग देणारं हिमॅटॉक्झिलिन. पॅक्स-६ला चिकटून ते कुठे आहे हे दाखवणारी अँटिबॉडी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा बँकेची (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या संग्रहाची) आहे, उंदराची मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशाची), सुपरनेटंट म्हणजे त्या पेशी वाढवलेल्या द्रवाच्या स्वरूपातली. ती तयार करतानाच कोंबडीच्या पॅक्स-६ची पहिली २२३ अमिनो आम्लं वापरलेली आहेत, म्हणजे प्रजाती जुळत नाही असं म्हणायला जागा नाही.

अडचण अशी : मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) निळीच राहते. तपकिरी रंग येतो तो आजूबाजूला विखुरलेल्या छोट्या गोल पेशींना. आणि प्रायमरी (पॅक्स-६ला चिकटणारी मूळ अँटिबॉडी) न घातलेल्या स्लाइडवरसुद्धा त्याच पेशी तशाच तपकिरी दिसतात.

अँटिजन रिट्रिव्हल (सेक्शन गरम बफरमध्ये ठेवून झाकलेली प्रथिनं उघडी करणं) केलेलं नाही, कारण बफर तापवला की सेक्शन सुटून तरंगायला लागतात. दुसरी शंका पार्सलची. ऐन मे महिन्यात आलं, आतल्या आइसपॅकचं पाणी झालं होतं, डबा हाताला कोमट लागत होता. सरांचं मत, अँटिबॉडी गेली, नवीन मागवा. पण विभागाकडून पुन्हा पैसे मिळणं फार अवघड आहे. ती खरंच गेली असेल का? की आधी दुसरं काही तपासू? कृपया कुणीतरी सांगा.

सूक्ष्मदर्शी :

ताई, अँटिबॉडी टाकून देऊ नका. आयजीजी (या प्रकारची अँटिबॉडी) प्रवासात दोन-तीन दिवस कोमट झाली म्हणून सहसा मरत नाही. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं तिला जास्त बाधतं. आता लगेच छोटे भाग करून ठेवा.

त्या गोल पेशी रक्तपेशी आहेत. कोंबडीच्या लाल पेशींत केंद्रक असतं, म्हणून नवख्या डोळ्याला त्या रंगलेल्या मेंदूपेशींसारख्या वाटू शकतात. हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं, त्यामुळे अँटिबॉडी नसली तरी डॅब तपकिरी होतो. तुम्ही बिनप्रायमरीची स्लाइड ठेवलीत म्हणून हे कळलं. ती दर खेपेला ठेवाच. उपाय : प्रायमरीच्या आधी हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन हे पेरॉक्सिडेज मारायचं.

आणखी एक. बुरशी धरू नये म्हणून कुणी पीबीएसच्या (स्लाइड धुण्याच्या क्षारद्रावणाच्या) बाटलीत सोडियम अझाइड घातलं असेल तर ती बाटली सेकंडरीपासून (प्रायमरीला चिकटणारी, एचआरपी जोडलेली अँटिबॉडी) पुढे वापरू नका. अझाइडने एचआरपी बंद पडतो.

वारणेचा मधू :

सूक्ष्मदर्शी यांच्याशी सहमत, पण मज्जानलिका कोरी का, हे त्याने सुटत नाही. माझ्या मते खरं कारण रिट्रिव्हल. फॉर्माल्डिहाइडने प्रथिनं एकमेकांत जखडली जातात, वरून पॅराफिनची उष्णता. पॅक्स-६ केंद्रकात असतं, तिथवर पोचून अँटिबॉडीला तिची जागा उघडी मिळायला हवी. १० मिलिमोलर सोडियम सायट्रेट, पीएच ६, वॉटरबाथमध्ये ९५ अंशांवर २० मिनिटं, आणि त्याच बफरमध्ये सावकाश गार होऊ द्या. खळखळ उकळायचं नाही, बुडबुड्यांनीच सेक्शन सुटतात. स्लाइडना पॉली-एल-लायसिन लावा. ते नसेल तर जिलेटिन आणि क्रोम अ‍ॅलमचा जुना लेप चालतो, कॉलेजात दोन्ही बहुधा मिळतील. सेक्शन रात्रभर ३७ अंशांवर वाळवा.

हिमॅटॉक्झिलिन पहिल्या फेरीत अजिबात नको. तेही केंद्रकच रंगवतं, फिका तपकिरी त्याखाली सहज झाकला जातो. कदाचित तुमचा रंग आलेलाही असेल.

अँटिबॉडी किती पातळ करायची ते लॉटवरच्या तीव्रतेच्या आकड्यावरून काढा. टिश्यूसाठी मिलिलीटरला २ ते ५ मायक्रोग्रॅम लागतं. लॉट मिलिलीटरला ३० मायक्रोग्रॅमचा असेल तर १:१० ठेवलं की ३ होतात. दुसऱ्या अँटिबॉडीचं १:१००० इथे उचलू नका.

कृष्णाकाठची :

खूप आभार, दोघांचेही. मनावरचं ओझं उतरलं. रंग आला तर तो खरा हे कशावरून ठरवू? आणि पेरॉक्साइड मिथेनॉलमध्ये करू की पीबीएसमध्ये?

वारणेचा मधू :

भ्रूणाच्या डोक्याचे असे सेक्शन घ्या की त्यात डोळा येईल. भिंगाचा पुढचा पेशीथर आणि वाढतं दृष्टिपटल पॅक्स-६ने रंगायलाच हवं. डोळा रंगला म्हणजे अँटिबॉडी जिवंत आहे, सरांनाही तीच स्लाइड दाखवा. धडाच्या सेक्शनमध्ये मज्जानलिकेच्या पोकळीलगतच्या पेशी रंगतील, पण अगदी तळाची फ्लोअर प्लेट आणि तिला लागून असलेला पट्टा कोरा राहील. तिथून निघणारं सॉनिक हेजहॉग हे संकेत देणारं प्रथिन पॅक्स-६ला दाबतं. तळही रंगला तर ती पार्श्वभूमी समजा.

भ्रूणाचं वय दिवसांत लिहू नका. वीज गेली की इन्क्युबेटर थंड पडतो आणि वाढ मागे राहते. पाय-पंखांच्या कळ्या बघून हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या १९५१च्या, कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीच्या तक्त्यातला टप्पा लिहा.

पेरॉक्साइड पीबीएसमध्ये करा, ०.३ टक्के, अर्धा तास, रिट्रिव्हलनंतर. मिथेनॉल काही अँटिजनना मानवत नाही. आणि ३ टक्क्यांचं द्रावण रक्ताशी भेटून फेसाळतं, त्यातही सेक्शन सुटतात. रक्तपेशी तरी थोड्या तपकिरी राहिल्या तर वेळ वाढवा, तीव्रता नको.