बुलपेन कॅचर: करिअर म्हणायचं की नुसत्या उठाबशा?

जर्सीकर:
2024 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल, जिंकल्यावर डॉजर्स टीममध्ये बक्षिसाच्या पैशातला एक फुल शेअर (पूर्ण हिस्सा) 4,77,441 डॉलरचा झाला. आता गंमत बघा, फुल शेअर कोणाला, अर्धामुर्धा कोणाला आणि कोणाच्या हातावर ठरावीक रक्कम टेकवायची हे खेळाडू मतदान करून ठरवतात. बुलपेन कॅचरचं नशीब त्या मतदानात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा माणूस टीमचा युनिफॉर्म घालतो पण 26 जणांच्या रोस्टरमध्ये (खेळाडूंच्या यादीत) नसतो, मॅचमध्ये उतरू शकत नाही, बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानातल्या वॉर्म अपच्या जागेत, रिलीफ पिचर्सचे (मॅचमध्ये मागाहून बॉल टाकायला येणाऱ्यांचे) बॉल झेलून त्यांना वॉर्म अप करून देणं हे त्याचं मुख्य काम. सीझन 162 मॅचचा. रोस्टरवर पूर्ण सीझन असलेल्या खेळाडूला 2025 मध्ये कमीत कमी 7,60,000 डॉलर ठरलेले, कारण पाठीशी युनियन आहे. हा त्या युनियनमध्ये येतच नाही. घरचं पोरगं या लाईनला जायचं म्हणालं तर मी तरी नको म्हणेन.

स्लिपमधला:
अहो पण लहानपणापासून बुलपेन कॅचर व्हायचंय असं म्हणतं कोण? खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्ये अडकलेला, बॅटिंग जमत नाही, हात मात्र पक्के, अशा माणसाला मेजर लीगचं दार उघडतं ते इथूनच. माईक बोर्झेलो घ्या. 1996 ला यांकीज टीमचा बुलपेन कॅचर, पुढे कब्ज टीमच्या कोचिंग स्टाफवर, 2016 च्या विजेतेपदात होताच. जायंट्सचा ताइरा उएमात्सु जपानहून आला, तोही बुलपेन कॅचर, पुढे त्याच टीमचा असिस्टंट कोच. याला करिअर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

जर्सीकर:
बोर्झेलो जो टॉरेंचा गॉडसन (धर्मपुत्र) होता हो, आणि टॉरे तेव्हा यांकीजचे मॅनेजर. वशिला म्हणत नाही, पण उदाहरण जपून द्या.

गुडघेदुखी:
वशिल्याने नोकरी लागेल, ताशी 95 मैलांचा बॉल वशिल्याने झेलता येत नाही. लोकांना वाटतं बसायचं, पकडायचं, परत फेकायचं. स्लायडर, म्हणजे वळणारा बॉल, मातीत आपटतो तो छातीवर घ्यायचा, आणि बॉल ग्लव्हच्या बरोबर त्या खोबणीत घ्यायचा की फटाक्यासारखा आवाज आला पाहिजे, कारण तो आवाज ऐकून पिचरला वाटतं आज आपला हात चालतोय. तोच रिलीव्हर दोनदा वॉर्म अप होतो, डगआऊटमधून फोन येतो थांबा, मॅच संपते, स्कोअरकार्डवर शून्य. पिचरने निदान हात तरी मोकळा केला, याच्या गुडघ्यांचं काय. वर दुपारीच मैदानावर हजर, कारण परवा मॅच सुरू करणाऱ्या पिचरचं, स्टार्टरचं, सेशनही यालाच झेलायचं असतं.

स्लिपमधला:
काम कष्टाचं आहे हे मान्यच आहे की. प्रश्न पैशाचा आहे, आणि पैसा बाजार ठरवतो. एक गेला तर दहा उभे आहेत, पिचरचं तसं नाही.

कट्ट्यावरचा:
इथे आपल्याकडचं बघा. 2024 च्या टी-20 वर्ल्ड कपनंतर बीसीसीआयने 125 कोटी जाहीर केले, त्यातले थ्रोडाऊनवाल्यांना (नेटमध्ये बॅट्समनला बॉल फेकून सराव देणाऱ्यांना) प्रत्येकी 2 कोटी आणि खेळाडूंना प्रत्येकी 5 कोटी अशा बातम्या होत्या. तेही काही मॅच खेळत नाहीत. कोहलीने थ्रोडाऊनवाल्या रघूचं नाव जाहीरपणे किती वेळा घेतलंय.

जर्सीकर:
तेच म्हणतोय मी! आकडा ठरवून द्या, मनावर सोडू नका. एखाद्या वर्षी क्लबहाऊसमध्ये कुणाशी वाजलं आणि हिस्सा अर्धा झाला तर दाद कुठे मागायची?

स्लिपमधला:
आणि ठरवून दिला तर मालक म्हणतील तेवढाच द्या. सध्या खेळाडू ज्याला जीव लावतात त्याला फुल शेअर देऊन मोकळे होतात, ती वाट कशाला बंद करायची? रोज कोण बॉल झेलतंय ते त्यांना मालकापेक्षा जास्त कळतं.

गुडघेदुखी:
हे प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) गेलेल्या टीमचं झालं भाऊ. जी टीम सप्टेंबरमध्येच घरी जाते तिथल्या बुलपेन कॅचरने शेअर कसला मोजायचा?